दोन चकत्या, चार गाणी

तुळशीचं लग्न उरकलं की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत माणसांच्या लग्नांना सुरुवात होते. लग्नाला लोक जेवायला जातात. नाचायला जातात ते आदल्या रात्रीच्या हळदीला. लग्न भटजी लावतात, पाऊण तासात लावतात आणि पिशवी उचलून पुढच्या मांडवात जातात. हळद डीजेवाला लावतो, आणि त्याला कुणी जाऊ देत नाही. पत्रिकेवर कुलदैवत असतं, गणपती असतो, मामांची यादी असते, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ असतं. पण पत्रिका हातात पडली की तरुण मंडळी यातलं काही वाचत नाहीत. एकच विचारतात : “हलदीला साउंड कोनाचा हाय?” तारीख लक्षात ठेवायची की नाही, ते उत्तरावर ठरतं.

हळदीच्या दिवशी उन्हं कलली की टेम्पो येतो. त्यातून बेस उतरतात, बेसवर टॉप चढतात, अ‍ॅम्प्लिफायरचं कपाट उतरतं, मागून जनरेटर येतो, खांबांवर शार्पी लाइट बसतात. हे सगळं उतरवायला पाच-सहा पोरं लागतात आणि ‘हलू, हलू’ म्हणायला सगळी आळी लागते. शेवटी कुणाच्या तरी ओटीवरचं टेबल मागून आणतात, आणि एका पोराच्या पाठीवरच्या दप्तरातून लॅपटॉप आणि एक चपटं यंत्र बाहेर निघतं. यंत्रावर दोन चकत्या, मधे खालीवर सरकणाऱ्या पट्ट्या, बाकी रंगीबेरंगी बटणं. यंत्राला म्हणायचं कंट्रोलर आणि चकतीला जॉग. समोर लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र चार डेक, म्हणजे गाणी चढवायच्या चार खिडक्या, उघडलेले. गाणी चार, चकत्या दोन, हात दोन, आणि त्यातला एक हात निम्मा वेळ मोबाइलवर उद्याच्या हळदीचा पत्ता विचारण्यात अडकलेला.

हे चारांचं गणित दोनांत कसं बसतं, हा प्रश्न गावात कुणाला पडत नाही. जगाला मात्र तो सोडवायला बरीच वर्षं लागली.

११ ऑगस्ट १९७३ या दिवशी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात क्लाइव्ह कॅम्बेल ऊर्फ डीजे कूल हर्क याने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. हिप-हॉपचा जन्म म्हणून हीच तारीख सांगतात. गाण्यात गायक गप्प होऊन नुसता ठेका सुरू झाला की लोक जास्त नाचतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण तो ठेका काही सेकंदांत संपायचा. म्हणून एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावायच्या, एकीवरचा ठेका संपला की दुसरीवरचा सुरू करायचा, तेवढ्यात पहिली मागे फिरवून ठेवायची, ही त्याची युक्ती. म्हणजे त्या बिचाऱ्याला एका गाण्यासाठी दोन टर्नटेबलं लागत होती. (त्या पार्टीला मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट तिकीट होतं. हळदीला तिकीट लावायची कल्पना आमच्याकडे अजून कुणाला सुचलेली नाही. नवरदेवाच्या बापाच्या वाचनात हा कंस येऊ नये.)

टर्नटेबलांत राजा म्हणून नाव झालं टेक्निक्स कंपनीच्या एसएल-१२०० चं. ते १९७२ साली निघालं, २०१० मध्ये कंपनीने बंद केलं आणि लोकांना राहवेना म्हणून २०१६ मध्ये पुन्हा काढलं. मधल्या काळात संगणक आला होता आणि त्याने तबकडीतलं गाणंच काढून घेतलं होतं. २००४ साली न्यूझीलंडच्या सेराटो आणि अमेरिकेच्या रेन या कंपन्यांनी मिळून जी व्यवस्था बाजारात आणली, तिच्यातल्या तबकडीवर गाणं नसतंच. नुसती १००० हर्ट्झची एकसुरी शिट्टी असते. चकती जोरात फिरली की शिट्टी चढते, हळू फिरली की उतरते, त्यावरून संगणकाला वेग कळतो. डाव्या-उजव्या आवाजांतल्या किंचित फरकावरून चकती पुढे फिरतेय की मागे ते कळतं, आणि शिट्टीतच लपवलेल्या खुणांवरून सुई कुठल्या जागी आहे तेही कळतं. मग संगणक आपल्या पोटातलं गाणं त्याबरहुकूम वाजवतो. सुई शिट्टी ऐकते आणि लोक गाण्यावर नाचतात.

खरी गंमत एकच टर्नटेबल परवडणाऱ्याची. त्याच्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये तीन सोयी असतात. अ‍ॅब्सोल्यूट म्हणजे सुई तबकडीवर जिथे, गाणंही तिथेच. रिलेटिव्ह म्हणजे सुई कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही, चकती कशी फिरतेय तेवढंच बघायचं. आणि इंटर्नल म्हणजे तबकडीकडे ढुंकूनही बघायचं नाही, संगणकाने आपल्या घड्याळावर गाणं चालू ठेवायचं. तर एकटर्नटेबली माणूस पहिलं गाणं सुरू करतो, रंगलं की त्याला इंटर्नलवर सोडतो, मोकळी झालेली तबकडी दुसऱ्या डेकला जोडतो, तिथे रिलेटिव्हवर पुढचं गाणं जमवतो, तेही इंटर्नलवर टाकतो आणि तिसऱ्याकडे वळतो. सगळी गाणी आपापली चालतात. हाताखाली एका वेळी एकच. पहिला डेक अ‍ॅब्सोल्यूटवरच ठेवून घाईत सुई उचलून दुसरीकडे टेकवली, की मात्र नवरदेव औक्षणाला उभा असताना गाणं मधूनच उडी मारतं आणि ताट धरलेली करवली डीजेवाल्याकडे वळून बघते.

कंट्रोलरवर तबकडी नाही, सुई नाही, पण धर्म तोच. डावा जॉग पहिल्या डेकचा. एक बटण दाबलं की तोच तिसऱ्याचा. उजवा दुसऱ्याचा आणि चौथ्याचा.

हे शिकायला परदेशी शिकवणी लावायची गरज नाही. डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या बाजूला कुठल्याही पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात दुपारी अर्धा तास उभं राहावं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६० पर्यंत मुलं असली की शिक्षक दोन. वर्ग पहिली ते चौथी, म्हणजे चार. गुरुजींकडे पहिली आणि तिसरी, बाईंकडे दुसरी आणि चौथी. डावा जॉग, उजवा जॉग. गुरुजी पहिलीला एक ते शंभर म्हणायला लावतात. शंभर झाले की पोरं न सांगता पुन्हा एकपासून सुरू करतात. हा लूप. मग बटण दाबून गुरुजी तिसरीवर जातात. पलीकडे बाईंनी चौथीला शुद्धलेखन दिलेलं असतं, ते इंटर्नलवर, आणि त्यांचा हात दुसरीच्या पाढ्यांवर असतो.

कंट्रोलरमध्ये ‘पिकअप’ नावाचा एक प्रकार असतो. तुम्ही तिसऱ्या डेकचा आवाज अर्ध्यावर सोडून गेलात, मधे तीच पट्टी पहिल्या डेकसाठी पार वर नेलीत आणि मग तिसऱ्यावर परतलात. आता पट्टी वर आहे, पण तिसऱ्याचा आवाज अजून अर्ध्यावरच. पट्टी खाली आणून त्या जुन्या जागेशी भेटवेपर्यंत यंत्र तिला जुमानत नाही. हा पिकअप बंद असला की पट्टीला हात लागताक्षणी आवाज एकदम चढतो आणि पुढच्या रांगेतल्या आज्या कानांवर पदर घेतात. गुरुजींचंही तेच. तिसरीवर परत यावं तर तिसरी सोडलेल्या जागी नसते. ती खिडकीत असते. तिला खिडकीत जाऊन गाठावं लागतं, मगच वाचनाची पट्टी पुढे सरकते. नवखे गुरुजी फळ्याजवळूनच ओरडतात. तो पिकअप बंद असल्याचा प्रकार.

राहता राहिला सिंक, म्हणजे चारही डेक एका ठेक्यात आणण्याचं बटण. शाळेत ते खिचडीच्या हाती असतं. झाकण उघडल्याचा वास आला की चारी वर्ग, एकही बीट न चुकता, एकत्र येतात. फरक शोधायचाच तर एवढाच, की डीजेवाल्याला चार डेक सांभाळताना पाचव्या खिडकीत सरकारी ऑनलाइन माहिती भरावी लागत नाही.

टर्नटेबल हा ऐवज आमच्या हळदीपर्यंत पोचला नाही, त्यामागे पैशापेक्षा जमीन जास्त कारणीभूत आहे. टेबल अंगणात, अंगणाच्या कडेला बेसची भिंत, आणि मधल्या मातीवर दीडशे माणसं उड्या मारतायत. अशा ठिकाणी सुई एका खाचेत राहील हे शक्य नाही. बेसचा हादरा सुईत शिरतो, सुईतून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जातो, तिथून पुन्हा बेसमध्ये येतो आणि गाण्याऐवजी घुमारा ऐकू येऊ लागतो. त्यातून शहापूरहून किन्हवली-सरळगाव करत मुरबाडला पोचायचं म्हणजे सुईच्या आधी टेम्पोचीच परीक्षा. म्हणून दप्तरात मावणारा जॉग बरा. पडला तर पुसून घेता येतो.

तसं रेकॉर्डचं आणि या मुलखाचं नातं जुनं आहे. चिंचेला कर्णा बांधलेला, खाली पेटी, एक प्लेअर आणि रेकॉर्डींचा एक गठ्ठा. रेकॉर्ड संपली की ती काढायची, दुसरी पुसायची, ठेवायची, सुई टेकवायची. तेवढ्या वेळात गावभर शांतता. ती वाया जात नसे. तेवढ्यात माइकवरून आहेर पुकारले जायचे, हरवलेल्या पोराचा बाप शोधला जायचा, ‘पंगत बसलेली आहे’ हे कळायचं. आता दोन गाण्यांमध्ये दोन सेकंद फट पडली तरी शिट्ट्या वाजतात. आहेर पुकारायचे तर चालत्या गाण्यावरच पुकारावे लागतात, आणि कुणी किती दिले ते मामालोकांना ऐकू येत नाही. आहेरावरून होणाऱ्या निम्म्या भांडणांना डीजेने परस्पर आळा घातला, याचं श्रेय त्याला अजून मिळालेलं नाही.

आता चार डेकांवर वाजतं काय? पहिल्यावर आगरी-कोळी गाणं, कारण त्याशिवाय नवरदेवाची आत्या उठत नाही. दुसऱ्यावर तेवढ्याच वेगाचं हिंदी, नवरदेवाच्या कंपनीतल्या मित्रांसाठी. हे लोक आसनगावला लोकलमधून उतरलेले असतात आणि शेवटच्या गाडीच्या बोलीवर नाचत असतात. तिसऱ्यावर बेंजोचा लूप. बेंजोवर कुणाचं काही म्हणणं नसतं. सगळं बिघडलं की बेंजो लावायचा. चौथ्यावर डीजेवाल्याचं स्वतःचं नाव. ते दर मिनिटाला एका भारदस्त आवाजात, सायरनसकट, ऐकवायचं असतं. हळद कुणाची होती ते पाहुणे विसरतील, पण साउंड कुणाचा होता ते विसरता कामा नये. जाणकार पोरं तर हिंदी गाण्यातला नुसता गळा काढून तो बेंजोवर बसवतात. हल्लीच्या सॉफ्टवेअरला चालू गाण्यातून गळा आणि ठेका वेगळे करता येतात. म्हणजे चार डेकांतून आठ गोष्टी निघतात आणि चकत्या तरीही दोनच.

पण डीजेवाल्याचं कसब चकतीवर नाही, फर्माइशीवर कळतं. टेबलाभोवती कायम एक कोंडाळं असतं. नवरदेवाचा मामा म्हणतो, “भाऊ, आपला तो गाना लाव ना.” कुठला, ते सांगत नाही, आपला म्हटल्यावर कळायला पाहिजे. चुलतभाऊ स्वतःचा पेनड्राइव्ह घेऊन आलेला असतो. एक जण मोबाइलवर गाणं वाजवून मोबाइल डीजेवाल्याच्या कानाला लावतो, बेसच्या भिंतीसमोर. पोरगा सगळ्यांना अंगठा दाखवतो, “दादा, नेक्स्ट तुमचाच” म्हणतो, आणि खरंच प्रत्येकाचं गाणं कुठल्यातरी डेकवर चढवून ठेवतो. पडद्यावर आपलं गाणं चढलेलं दिसलं की माणूस समाधानाने नाचायला जातो. ते वाजलं की नाही हे बघायला कुणी परत येत नाही. चार डेकांपैकी एक तरी केवळ या कामासाठी असतो, असं माझं मत आहे.

मे महिन्यातल्या हळदीला टँकर येतो तेव्हा आणखी मजा. भातसा आणि तानसा दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबईला जातं, आणि पाड्यांवर उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं. वाट एकच, वाटेत डीजे. बायका हंडे घेऊन नाचणाऱ्यांच्या कडेने रांग लावतात, टँकरवाला हॉर्न मारतो, आणि तो हॉर्न चौथ्या डेकवरचा सायरन समजून पोरं दुप्पट जोराने उड्या मारतात. शेवटी टँकरवाल्याला खाली उतरवून दोन पावलं नाचवलं की तोही एक फर्माइश सांगतो आणि मगच रिव्हर्स घेतो.

साउंडच्या मालकाची कसरत आणखी वेगळी. मुहूर्त पंचांगात ठरतात आणि पंचांग डीजेवाल्याला विचारून छापत नाहीत. बऱ्या तारखेला एकाच संध्याकाळी चार हळदी येतात, सेट असतात दोन. नाही म्हणायचं नाही, कारण नाही म्हटलं की पुढच्या पिढीची हळदही जाते. मग या सेटमधले दोन बेस तिकडे, तिकडचे टॉप इकडे, एक जनरेटर उसना, एक पोरगा उसना. धसईला नऊला सुरू करून देऊन मालक छोट्या हत्तीतून सरळगावला निघतो. धसईचं गाणं तोवर इंटर्नलवर. तो पोचेपर्यंत सरळगावची मंडळी खिडकीत असतात, आणि त्याला तिथे जाऊन पिकअप करावा लागतो. तोंडाने. हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही.

आणि मग जनरेटर बंद पडतो. तो हळदीला एकदा पडतोच. दिवे जातात, बेस गप्प होतात. लॅपटॉपला मात्र बॅटरी असते. पडद्यावर चारी डेक तसेच पळत असतात, सिंक अगदी जमलेला, ठेका ठेक्याला लागलेला, ऐकायला कुणी नाही. पोरगा सवयीने जॉग फिरवत राहतो. अशा वेळी मांडवातून आवाज येतो तो धवलारणीचा. आगरी लग्नात ही बाई धवले गाऊन एकेक विधी पुढे नेते; वारल्यांकडे धवलेरी तर लग्नच लावते. तिच्याकडे डेक नाही, जॉग नाही, वीज नाही. पाणी आणणं, हळद दळणं, मांडव, देवक, सगळं तिच्या डोक्यात ओळीने चढवून ठेवलेलं. विधीला उशीर झाला तर ती कडवं लांबवते, भटजी घाई करायला लागले तर आवरतं घेते. हे ऐकून कुणा पाहुण्याचा गळा दाटून येईल आणि तो ‘जुनं ते सोनं’ वगैरे म्हणायला तोंड उघडेल, तेवढ्यात जनरेटर सुरू होतो आणि धवलारीणच पहिली ओरडते, “आरं पोरा, बेंजो लाव!” घसा तिचा असतो. विश्रांतीची किंमत तिला माहीत असते.

हळदीचा खर्च आटोक्यात यावा, डीजे नको, दारू नको, असे ठराव गावोगावी होतात. ठराव करणारे शहाणे असतात आणि खरं बोलतात. एका रात्रीच्या साउंडसाठी काढलेलं कर्ज पुढे कितीतरी हंगाम फेडणारी घरं आमच्याकडे आहेत, आणि या बाबतीत विनोद करावा असं मला वाटत नाही. फक्त ठरावाच्या सभेला माइक कुणाचा आणला होता, तेवढं विचारू नये.

कायदाही आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. माणसं साधं बोलली तरी साठाच्या आसपास जातात, तेव्हा हळदीची मंडळी नुसती पंगतीला बसली तरी मर्यादा ओलांडत असणार. पण बेसच्या भिंतीशेजारच्या घरात कुणी आजारी असेल, दहावीचं पोर असेल, तर दहा वाजण्याची वाट कशी बघतात ते त्या घरालाच माहीत. दहाला पोलिसांची गाडी वळणावर दिसते. इतका वेळ चार डेक, दोन जॉग आणि आठ गोष्टी चाललेल्या असतात. पण या सगळ्यांचा आवाज शेवटी एकाच मास्टरच्या बटणातून जातो, आणि हवालदारसाहेबांना सगळ्या यंत्रातलं नेमकं तेवढंच एक बटण ओळखता येतं.

तेव्हा यंदा शहापूर-मुरबाडकडे हळदीला येणार असाल तर नऊच्या आत या. डीजेवाल्याच्या कानाशी मोबाइल नेऊ नका. आपलं गाणं पडद्यावर चढलेलं दिसलं की ते वाजलं असं समजा आणि नाचायला लागा. आणि आसनगावची शेवटची गाडी गाठायची असेल तर परतीची रिक्षा आधीच सांगून ठेवा. दहानंतर रिक्षावालेही नाचून दमलेले असतात.